भावा, जिम लगेच लावू नकोस

कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) कळून दोनच महिने झालेत ना तुला, मग जिमची वर्षाची फी आत्ताच भरू नकोस. मी भरलो होतो, आठ दिवस गेलो आणि फ्लेअर आला (म्हणजे माझं हेच दुखणं परत उसळलं), पैसे गेले ते गेलेच. आधी चालणं धर, १० मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास. मी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालायला जातोय सकाळी, खरं पोट साफ झाल्याशिवाय घर सोडत नाही, आणि वाटेत टॉयलेट कुठं कुठं आहे ते पाठ आहे मला (हसू नकोस, तुलाबी होईल पाठ). लांब सरळ जाण्यापेक्षा लहान फेऱ्या मार, घाई लागली तर परत फिरता येतंय.

रक्त पडायलंय, ताप आहे, जुलाब वाढलेत तर व्यायाम बंद, सरळ डॉक्टर. दम लवकर लागत असला तर हिमोग्लोबिन तपासून घे, माझं ९ होतं आणि मी आपला म्हातारा झालो समजत होतो. या आजारात देतात त्या स्टेरॉइडनं हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून हलकी वजनंबी उचलावीत, खरं डॉक्टरला विचारून. राजहंसगड पुढच्या थंडीत चढू, ओआरएसची बाटली तू आण.