हातमोज्यांमागचे कर्ज

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये एका खासगी रुग्णालयाच्या खरेदी विभागात काम करते. आधुनिक गुलामगिरी रोखण्याबाबतचे निवेदन आमची संस्था दरवर्षी प्रसिद्ध करते आणि पुरवठादारांकडून एक प्रश्नावलीही भरून घेते. एवढे पुरेसे आहे का?
– एक वाचक, लेस्टर

उत्तर : नाही. २०१५ च्या ब्रिटिश कायद्यानुसार ३ कोटी ६० लाख पौंड किंवा त्याहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिक संस्थेला असे निवेदन काढावे लागते. मात्र त्यात ‘आम्ही कोणतीही पावले उचललेली नाहीत’ असे लिहिले तरी कायद्याची अट पुरी होते. त्यामुळे प्रत्यक्ष काम तुमच्या विभागालाच करावे लागेल.

सुरुवात हातमोज्यांपासून करा. मलेशियातील कारखान्यांत नेपाळ आणि बांगलादेशातून आलेले असंख्य कामगार आहेत. दलालाचे पैसे भागवण्यासाठी त्यांच्यापैकी अनेकांनी गावाकडे व्याजाने कर्ज काढलेले असते आणि ते फिटेपर्यंत, पासपोर्ट स्वतःच्या खिशात असला तरी, नोकरी सोडण्याची सोय नसते. जुलै २०२० मध्ये अमेरिकी सीमाशुल्क खात्याने सक्तीच्या श्रमाच्या संशयावरून टॉप ग्लोव्ह या कंपनीच्या उपकंपन्यांचे हातमोजे अडवले. कंपनीने कामगारांना ३ कोटी डॉलरहून अधिक भरपाई दिल्यानंतर, सप्टेंबर २०२१ मध्ये ही बंदी उठली. माल अडला तेव्हा पैसे परत मिळाले, हे प्रत्येक खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

‘तुमच्याकडे सक्तीचे श्रम आहेत का?’ या प्रश्नाला कोणताही पुरवठादार ‘होय’ म्हणणार नाही. त्याऐवजी भरतीचा खर्च कोणी केला ते विचारा, पावत्या मागा, पगारपत्रकातील कपातीचे रकाने स्वतः वाचा आणि तपासनीस कामगारांशी त्यांच्याच भाषेत, पर्यवेक्षक जवळ नसताना बोलेल, अशी अट करारातच घाला. दोष आढळल्यास तडकाफडकी कंत्राट तोडू नका, कारण नोकरी गेली तरी कामगाराचे कर्ज तसेच राहते. कामगारांनी भरतीसाठी भरलेले शुल्क त्यांना परत करण्यासाठी पुरवठादाराला आधी मुदत द्या.

हीच चौकशी रुग्णालयाच्या आतही व्हायला हवी. सफाई आणि कपडे धुण्याची कंत्राटे पाहाच, पण परदेशातून आलेल्या परिचारिका व काळजीवाहक यांच्याकडे विशेष लक्ष द्या, कारण त्यांचा व्हिसा मालकाच्या प्रायोजकत्वावर अवलंबून असतो. आपल्याकडूनही अनेक मुली तिकडे जातात. उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास ब्रिटनच्या आचारसंहितेत मनाई आहे. तरीही तिने दलालाला काय दिले आणि नोकरी सोडल्यास हजारो पौंड भरण्याची अट तिच्या करारात आहे का, हे तिलाच विचारावे लागेल. त्या उत्तरामुळे तिच्या नोकरीला वा व्हिसाला धक्का लागणार नाही, अशी लेखी हमी संस्थेने आधी द्यावी. त्याशिवाय ती तोंड उघडणार नाही.