पहिल्यांदा ऑनलाइन बॅकअप लावताना

भाऊ, प्लॅन घेण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून साइज बघ. दारव्ह्यासारख्या गावातही स्टुडिओत लग्नांचा डेटा 200 जीबी सहज होतो. गुगलच्या फुकट 15 जीबीत जीमेलही वाटेकरी. फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही जागा खातात, म्हणून दीडपट धर.

खरी मेख अपलोडची. 2 एमबीपीएस अपलोड स्पीडने 200 जीबी चढायला 9-10 दिवस, तेही लाइन गेली नाही तर. पावसाळ्यात ती जातेच. म्हणून:

- आधी बिलं, हिशेब, गिऱ्हाइकांचे निवडलेले फोटो; व्हिडिओ मागाहून.
- वेळ रात्रीची लाव, कॉम्प्युटरचा स्लीप मोड बंद ठेव.
- एन्क्रिप्शनचा (डेटा कुलूपबंद करण्याचा) पासवर्ड स्वतः ठेवला असेल, तर वहीत लिही. हरवला तर कंपनीही हात वर करते.

नवखे सिंकलाच (कॉम्प्युटर आणि ऑनलाइन, दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवणं) बॅकअप समजतात. तिथं इकडची फाइल उडाली की तिकडचीही उडते. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उतरवून उघडून बघ. बाकी सेटिंगला सध्या हात लावू नको.