पहिलं निक्सी घड्याळ करताय? हे आधी वाचा

निक्सी म्हणजे आत अंकांच्या आकाराच्या तारा असलेली, चमकून अंक दाखवणारी काचेची ट्यूब. सुरुवात आयएन-१२ नेच कर, सोव्हिएत काळातली ट्यूब आहे, अजून मिळते आणि सॉकेटमध्ये बसते, म्हणजे एखादी खराब निघाली तरी सोल्डर उपसत बसावं लागत नाही. (तिच्यातला ५ म्हणजे उलटा केलेला २ आहे, नीट बघ, मजा वाटेल!) मोठ्या आयएन-१८ च्या मोहात आत्ता पडू नकोस, फार महाग आहेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्होल्टेज. ट्यूब पेटायला साधारण १७० व्होल्ट डीसी लागतात, ते १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवरून तयार बूस्ट मॉड्यूलने (व्होल्टेज वाढवणाऱ्या छोट्या सर्किटने) घे, घरातली मेन्स थेट रेक्टिफाय करून (एसीचं डीसी करून) तर अजिबात नको, आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो म्हणून मीटरने तपासल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- अ‍ॅनोडला (ट्यूबच्या पॉझिटिव्ह टोकाला) रेझिस्टर न लावणं. प्रत्येक ट्यूबला वेगळा हवाच, नाहीतर करंट वाढत जाऊन ट्यूब जाते.
- अंक सतत तोच ठेवणं. न पेटणाऱ्या कॅथोडवर (अंकाच्या आकाराच्या तारेवर) थर बसतो आणि मग अंक अर्धवट उजळतो, त्यामुळे रोज थोडा वेळ सगळे अंक फिरव.

ड्रायव्हरला (कुठला अंक पेटवायचा ते सांभाळणारी चिप) के१५५आयडी१ घे. मल्टिप्लेक्सिंगचं (एकाच ड्रायव्हरवर अनेक ट्यूब आळीपाळीने पेटवण्याचं) नंतर बघू, आधी एकच ट्यूब ब्रेडबोर्डवर पेटव आणि फोटो टाक!