पहिलं प्रदर्शन, पण आधी भिंत मोजा

पाऊस ओसरायला लागला की पहिल्या एकल प्रदर्शनाच्या तयारीतले चित्रकार जागे होतात आणि पत्रं यायला लागतात. यंदाच्या पत्रांतली ही चार.

साठेक जलरंग आणि पंधरा तैलचित्रं तयार आहेत. जानेवारीत टिळकवाडीत दालन मिळालंय. सगळी लावू का? (खानापूर)

नको. टेप घेऊन दालनात जा आणि भिंत मोजा. दारं, खिडक्या, स्विचबोर्ड वगळून समजा 80 फूट उरली. फ्रेमसकट दोन फूट रुंदीचं चित्र आणि मध्ये दीड फूट मोकळी जागा धरली, तर 22 चित्रांत भिंत संपते. म्हणजे 75 मधली पन्नासहून जास्त घरीच राहणार, हे आजच मनाशी पक्कं करा. कुठल्या चित्राला किती रात्री जागलात ते बघणाऱ्याला दिसत नाही, म्हणून तो हिशेब निवडताना धरू नका. मलप्रभेच्या काठचे जलरंग तुमचा जीव असतील, तर मध्येच दोन गणपती आणि एक ताजमहाल कशाला? सगळी चित्रं अंगणात ओळीनं मांडा आणि ज्याला स्पष्ट बोलता येतं अशा एखाद्या चित्रकार मित्राला बोलवा. आईला विचारू नका, तिला सगळीच आवडतात.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांच्या आसपास ठेवा. फ्रेम 24 इंच उंच असेल आणि ताणलेली तार वरच्या कडेखाली 3 इंचांवर येत असेल, तर हूक 58 अधिक 12 वजा 3, म्हणजे 67 इंचांवर. भिंतीत खिळा ठोकू देतात की वरून साखळ्या सोडायच्या, हे मात्र दालनवाल्यांना आधीच विचारा. साखळी असेल तर फ्रेमच्या कड्या त्या बेतानं लावून घ्याव्या लागतात.

मी कलाशिक्षिका आहे. फ्रेम केलेल्या जलरंगांवर एका पावसाळ्यात तपकिरी ठिपके आले. फ्रेमवाला म्हणतो, कागदच हलका होता. (निपाणी)

कागद हलका असेलही, पण बाई, फ्रेम उलटी करून बघा. काचेला चिकटलेला कागद आणि मागे थेट हार्डबोर्ड, असंच निघेल. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत काचेच्या आत दमटपणा साठतो, त्याला वाट नसते आणि कागदावर बुरशी धरते. हार्डबोर्डातलं आम्ल कागद पिवळा करतं ते वेगळंच.

आता फ्रेम करताना काच आणि कागद यांच्यात खिडकीचा माउंट, म्हणजे मध्ये चित्रापुरती खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, हवाच. त्यानं कागद काचेपासून सुटा राहतो. माउंट आणि पाठचा पुठ्ठा दोन्ही आम्लरहित घ्या. महाग पडतात, पण पैसे वाचवायचे तर ते फ्रेमच्या नक्षीवर वाचवा. चित्र फक्त वरच्या कडेला, पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी, गव्हाच्या खळीनं चिकटवा. चारी बाजू डकवल्या तर ओलीत फुगलेल्या कागदाला जागा मिळत नाही आणि तो लाटांसारखा उठतो. सेलोटेपचं नाव काढू नका. माझ्या पहिल्या प्रदर्शनात मी तीच वापरली होती. काही वर्षांनी ते चित्र घेतलेल्यांच्या घरी जेवायला गेलो, तर माझ्या निळ्या आभाळात एक पिवळी पट्टी उमटलेली. घास घशाखाली उतरेना.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे काप चिकटवा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. ठिपके आलेली चित्रं फ्रेममधून काढून पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवा. उन्हात नको, रंग उडतात. मग तोंडाला मास्क बांधून, घराबाहेर, मऊ ब्रशनं हलकेच झाडा. ओलं फडकं लावू नका. डाग राहतील, पण पसरणार नाहीत. ही चित्रं प्रदर्शनात मात्र नकोत.

शेवटची तैलचित्रं नोव्हेंबरात पुरी होतील, प्रदर्शन डिसेंबरात. वार्निश कधी मारू? (चिक्कोडी)

डिसेंबरात मारूच नका. तैलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होतो. बोटाला कोरडा लागला तरी आतून ओला असतो, म्हणून शेवटच्या वार्निशला सहा महिने ते वर्ष थांबतात. बोटाला कोरड्या झालेल्या चित्रावर रिटच वार्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वार्निशचा, पातळ हात चालेल. बांधताना आधी बटर पेपर, मग बबल रॅप. थेट बबल रॅप गुंडाळलात तर रंगावर फुगे उमटतील. टेम्पोत चित्रं उभी ठेवा, आडवी रचू नका.

आणि तारीख बदलता आली तर बघा. कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन इथल्या सुवर्ण विधानसौधात भरलं की बेळगावात लॉजवर खोली मिळायची मारामार. कोल्हापूरहून येणारे पाहुणे उतरणार कुठे?

ऑर्डरीचं एक व्यक्तिचित्र निमंत्रणपत्रिकेवर छापायचंय. चालेल? आणि नावपट्ट्या कुठल्या भाषेत? (बेळगाव)

व्यक्तिचित्रकार के. बी. कुलकर्णी सरांच्या गावात व्यक्तिचित्राला गिऱ्हाईक मिळतं, म्हणून हे नीट समजून घ्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा. त्यांच्याकडून दोन ओळींची लेखी परवानगी घ्या. स्वतःच्या मनानं काढलेलं चित्र विकलंत तर उलट. चित्र जातं, छापायचा हक्क लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडेच राहतो.

नावपट्ट्या मराठी आणि कन्नड दोन्हींत. बघायला दोन्हीकडचे येतात. कन्नड मजकूर मोबाइलवरून उतरवू नका, शेजारच्या कन्नड मास्तरांना दाखवा. मापं लिहिताना आधी उंची, मग रुंदी. आणि उद्घाटनाला कुंदा जरूर ठेवा, पण दालनाच्या दाराबाहेर. तुपकट बोटं कॅनव्हासला लागली की पुसून निघत नाहीत.