पीएमपीच्या (प्रोजेक्ट मॅनेजरसाठीच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या) सराव परीक्षेत ६०-६५ टक्क्यांवरच गाडी अडकते. काय चुकतंय?

बहुधा पाठांतर. सूत्रं लागतात, पण थोडी: काम ४ लाखांचं झालं आणि खर्च ५ लाख, तर सीपीआय (झालेलं काम भागिले झालेला खर्च) ०.८. एकूण बजेट १० लाख असेल आणि खर्चाचा हाच वेग राहिला, तर अंतिम खर्च १० भागिले ०.८, म्हणजे १२.५ लाख. एवढं हातात बसलं की पुरे.

मार्क जातात ते प्रसंगांवरच्या प्रश्नांत. समजा, क्लायंटने ऐनवेळी बदल मागितला. आपण ऑफिसच्या सवयीने ‘स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्याला) कळवा’ निवडतो. अपेक्षित उत्तर मात्र बहुतेकदा ‘आधी परिणाम तपासा’ हे असतं. बदलाची रीतसर मागणी त्यानंतर. अजाइल प्रोजेक्ट (छोट्या टप्प्यांत, बदल सामावत चालणारा) असेल तर तोच बदल प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे कामांचा प्राधान्यक्रम ठरवणाऱ्याकडे, बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) जातो. म्हणून पद्धत कोणती ते आधी हेरा, मग ‘सर्वात आधी’, ‘पुढे काय’ हे शब्द पाहा.

नवे प्रश्न सोडवत सुटू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे आपला पर्याय का चुकला ते एका ओळीत लिहा. कंटाळवाणं आहे, पण फरक यानेच पडतो. परीक्षेच्या २०२१ च्या आराखड्यात १८० प्रश्नांना २३० मिनिटं आहेत. पहिले ६० साधारण ७५ मिनिटांत संपवा, कारण त्यानंतर ब्रेक असतो आणि तो घेतल्यावर मागच्या प्रश्नांकडे परतता येत नाही.