लाल-हिरव्याचा घोळ आणि संगणकाचा पडदा

प्रश्न : माझ्या मुलाला लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. कार्यालयातील रंगीत तक्ते वाचताना त्याची अडचण होते. संगणकावर काही सोय आहे का?
– एक वाचक, मुलुंड, मुंबई

उत्तर : आहे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ विभागात ‘कलर फिल्टर्स’ सुरू केल्यास लाल-हिरव्यासाठी दोन पर्याय मिळतात. ते दोन्ही चिरंजीवांनी आपल्याच तक्त्यावर पडताळून, ज्यात छटा अधिक वेगळ्या दिसतील तो ठेवावा. फिल्टरमुळे न दिसणारा रंग दिसू लागत नाही, छटांमधील फरक तेवढा ठळक होतो. त्यामुळे छायाचित्रे विचित्र दिसतील, आणि छपाईचे रंग ठरवताना तर फिल्टर बंदच असावा. खरे तर तक्ता करणाऱ्यानेच रंगाच्या जोडीला चिन्ह किंवा अक्षर द्यायला हवे. कार्यालयात तशी विनंती अवश्य करावी.