वाचकांचे प्रश्न : अकरावीच्या मुलीला मतदान केंद्रावर काम करू द्यावं का?

प्रश्न : माझी लेक अकरावीत आहे. कॅलिफोर्नियातला तिचा मामेभाऊ शाळेत असतानाच मतदान केंद्रावर काम करून आला. तेव्हापासून हिचा एकच धोशा, ‘आई, मला का नाही?’ पुण्यात असं करता येईल का? आणि करू द्यावं का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, करू द्यावं, असं मी ठामपणे म्हणते. शाळेत शिकवत असताना निवडणुकीची ड्यूटी मला नेहमी लागायची, आधी मतदान अधिकारी म्हणून आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून. त्या खोलीत काय चालतं ते जवळून पाहिलंय.

गर्दी यंत्रापाशी अडत नाही. अडते ती पहिल्या मतदान अधिकाऱ्याच्या टेबलाशी, यादीत नाव शोधताना. मतदार राहायला गेलेला असतो सिंहगड रोडला, नाव मात्र सदाशिव पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या पत्त्यावर. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या आडनावाने. एकदा एक आजी गुडघ्याला पट्टा बांधून बराच वेळ रांगेत उभ्या होत्या आणि टेबलाशी आल्यावर त्यांचं नाव सापडेना. मागचे लोक कुरकुरायला लागले. दाराशी व्हीलचेअर घेऊन एनएसएसची (कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेची) एक मुलगी उभी होती. तिने आजींची चिठ्ठी हातात घेऊन यादी भाग क्रमांक वाचला. तो शेजारच्या खोलीचा होता. आजींना खुर्चीत बसवून ती तिकडे घेऊन गेली, मत देऊन होईपर्यंत दाराशी थांबली आणि मग रिक्षापर्यंत सोडून आली. हे काम सोळा-सतरा वर्षांची मुलं उत्तम करतात.

आता नियमाचं. तुमच्या भाच्याच्या राज्यात वय किमान 16, बरे मार्क, पालकांची आणि शाळेची परवानगी एवढं असलं की विद्यार्थ्याला घेतात. मोठ्यांच्या देखरेखीखाली ठेवतात आणि मतमोजणीला मात्र बसवत नाहीत. आपल्याकडे जिल्हा निवडणूक अधिकारी सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांतून माणसं नेमतात. गंमत अशी, की 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 26 प्रमाणे मतदान अधिकारी गैरहजर असेल, तर केंद्राध्यक्षाला तिथे हजर असलेल्या कुणालाही त्या जागी नेमता येतं. ती व्यक्ती कुठल्या उमेदवारासाठी काम करणारी नको, एवढीच अट. वयाचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे विद्यार्थ्यांना यादीच्या टेबलाशी मदतनीस म्हणून बसवायचं निवडणूक आयोगाने मनावर घेतलं, तर ते फार दूरचं नाही. कंट्रोल युनिट (मतदान यंत्राचा अधिकाऱ्यांच्या टेबलावरचा भाग), शाई आणि सह्या मात्र कर्मचाऱ्यांकडेच राहाव्यात. चूक झाली तर कर्मचाऱ्याला जाब विचारता येतो, अकरावीच्या मुलीला कसा विचारणार? कर्मचारी आदल्या रात्री केंद्रावर मुक्कामाला असतात, त्यालाही मुलांना ठेवू नये.

मला याची तळमळ आहे ती वेगळ्या कारणासाठी. ‘यंत्रात गडबड असते’ असे मेसेज ही मुलं रोज वाचतात. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतांचं अभिरूप म्हणजे चाचणीचं मतदान होतं, व्हीव्हीपॅटच्या (मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या मोजून आकडे जुळवतात, मग ती मतं पुसून यंत्र सील करतात. संध्याकाळी यंत्रातला एकूण आकडा नमुना 17-क या मतांच्या हिशेबाच्या फॉर्ममध्ये लिहून त्याची प्रत प्रतिनिधींना देतात. हे ज्या मुलीने स्वतः पाहिलं, ती त्या मेसेजला उत्तर देईल. किंवा नेमका प्रश्न विचारेल, आणि तोही मला हवाच आहे.

तोवर लेकीला एवढं सांगा. कॉलेजात एनएसएस असेल तर नाव घालावं. मतदानाच्या दिवशी दिव्यांग आणि ज्येष्ठ मतदारांच्या मदतीला स्वयंसेवक तिथूनच घेतात. सतरा पूर्ण झाली की नमुना 6, म्हणजे मतदार नोंदणीचा फॉर्म, आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेपर्यंत अठरा पूर्ण होतील, त्या तारखेला नाव यादीत चढतं. फॉर्म तिला स्वतःला भरू द्या, तुम्ही फक्त पत्त्याचा पुरावा काढून ठेवा. आणि कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून विचारा, की तिथला मतदार साक्षरता मंच (विद्यार्थ्यांना मतदानाची माहिती देणारं मंडळ) चालू आहे की फक्त फलकावर आहे. फलकावरच असेल, तर चार पालकांनी मिळून तो चालू करायला लावा.